आमचे दहा सेकंद परत द्या

प्रति,
शहरातील रस्त्यांचे आणि वाहतुकीचे नियोजन करणारे सर्व अधिकारी,
तसेच याच रस्त्यांवरून वाहन चालवणारे माझे सहनागरिक,

स. न. वि. वि.

आमच्या घराजवळच्या मुख्य चौकात पायी चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा पूर्वी २२ सेकंद असायचा. दोन महिन्यांपूर्वी तुमच्या विभागाने तो १२ सेकंदांवर आणला. खांबावर लावलेल्या सूचनेत कारण एका ओळीत दिले होते: वाहतूक सुरळीत व्हावी म्हणून. खाली आणखी एक ओळ होती: पादचाऱ्यांनी रस्ता त्वरेने ओलांडावा.

हे पत्र त्या दुसऱ्या ओळीमुळे लिहिते आहे.

माझी आई ७६ वर्षांची आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती काठी घेऊन चालते, हळू चालते, पण रोज चालते, कारण चालणे सुटले की पाय आखडतील असे डॉक्टरांनी तिला बजावले आहे. सूचना लागल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेनऊच्या सुमारास, हिरवा माणूस दिसल्यावरच तिने फुटपाथवरून पाऊल खाली ठेवले. अर्ध्याच्या थोडे पुढे पोहोचली तोच दिवा बदलला. थांबलेल्या गाड्या सुटल्या. एक दुचाकी तिच्या पुढून गेली, एक मागून, आणि तिसरीचा आरसा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत अडकला. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

दुचाकीवरचा मुलगा पळून गेला नाही. त्यानेच तिला उचलून कडेला बसवले, त्यानेच मला फोन केला आणि दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसून राहिला. एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, “काकू, सिग्नल माझा होता.” होता, हे मलाही मान्य आहे. पण आईसुद्धा हिरव्यावरच निघाली होती. दोघांपैकी कोणीही सिग्नल तोडला नाही आणि तरीही एकीचे हाड मोडले. मग चूक कोणाची? तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे आणि दर वेळी मी त्या कागदापाशी येऊन थांबते, ज्यावर कोणीतरी २२ खोडून १२ लिहिले.

मी स्वतः वीस वर्षे गाडी चालवते. लाल दिव्याशी थांबल्यावर घड्याळाकडे जाणारी नजर माझीही असते. त्यामुळे वाहन चालवणाऱ्यांविरुद्ध चालणाऱ्यांची बाजू घेऊन मी भांडायला आलेले नाही. घरातून बाहेर पडताना मी एका दिवसात दोन्ही असते, आणि तुमच्यापैकी बहुतेकांचेही तसेच असेल.

एका रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, मी टेप घेऊन तो मोजला. एका फुटपाथपासून समोरच्या फुटपाथपर्यंत १८ मीटर. १२ सेकंदांत १८ मीटर म्हणजे सेकंदाला दीड मीटर. सिग्नलची वेळ ठरवताना पायी माणसाचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर धरण्याची पद्धत अनेक देशांत वर्षानुवर्षे आहे. या हिशेबानेही १५ सेकंद लागतात. अमेरिकेच्या सिग्नलविषयक राष्ट्रीय नियमावलीने तर २००९ साली हा वेग सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला, कारण लोकसंख्येत म्हातारी माणसे वाढत होती आणि जुना आकडा त्यांना पुरत नव्हता. तो वेग धरला तर आमच्या चौकाला जवळपास १७ सेकंद हवेत. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास असतो. आईचा मी मोजला, तेवढाच भरला. तिला साडेबावीस सेकंद लागतात. म्हणजे पूर्वीच्या २२ सेकंदांतही ती कशीबशीच पोहोचायची. पण पोहोचायची.

ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे. १२ हा आकडा निवडताना तुम्ही कोणाचे पाय डोळ्यांसमोर ठेवले होते? कडेवर मूल असलेल्या बाईचे नाहीत, पाय मुरगळलेल्या माणसाचे नाहीत, चाकाच्या खुर्चीवरून फुटपाथच्या कडेचा उंचवटा उतरून पुन्हा पलीकडचा चढणाऱ्याचे तर नाहीतच. ‘त्वरेने ओलांडावा’ ही सूचना ज्याला पाळता येते, त्याला तिची गरज नसते. ज्याला गरज आहे, त्याला ती पाळता येत नाही.

आणि हे दहा सेकंद कोणाला मिळाले? पुढचा सिग्नल आमच्या चौकापासून चारशे मीटरवर आहे. इथून दहा सेकंद आधी सुटलेली गाडी तिथे जाऊन दहा सेकंद जास्त उभी राहते. मी त्या रांगेत असते, म्हणून खात्रीने सांगते. माझ्या कामावर पोहोचण्याच्या वेळेत दोन महिन्यांत काडीचाही फरक पडलेला नाही. पायी माणसाला मात्र आता दोन मिनिटांजवळ ताटकळावे लागते, आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबावे लागले की माणसे दिव्याकडे बघणे सोडून गाड्यांमधली फट शोधू लागतात, हे वाहतुकीच्या अभियंत्यांना नव्याने सांगायला नको. बेशिस्त म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते त्यातला मोठा वाटा सिग्नलच्या वेळापत्रकातच तयार होतो.

उपाय नाहीत असेही नाही. सिंगापूरमध्ये २००९पासून ज्येष्ठ नागरिक आणि अपंग व्यक्ती सिग्नलच्या खांबावरील यंत्राला आपले कार्ड लावतात आणि रस्त्याच्या रुंदीनुसार हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद जास्त मिळतो. ब्रिटनमध्ये काही सिग्नलांवर संवेदक बसवलेले आहेत. झेब्रावर अजून माणूस आहे असे दिसले तर गाड्यांचा लाल दिवा थोडा लांबतो. एवढी यंत्रणा लगेच उभी करा असे मी म्हणत नाही. पण इतरत्र म्हाताऱ्या माणसासाठी सेकंद वाढवण्याच्या युक्त्या शोधल्या जात असताना आपण आहेत तेच कापले, हे कसे पचवायचे?

दुसरी तक्रार वळणाऱ्या गाड्यांची. पायी चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होतो त्याच क्षणी शेजारच्या रस्त्यावरून वळणाऱ्या गाड्यांनाही हिरवा मिळतो. दोघेही एकाच झेब्रावर एकाच वेळी येतात. नियमाने वळणाऱ्याने थांबायचे असते. प्रत्यक्षात तो हॉर्न वाजवतो आणि माणूस मागे सरतो. यावर न्यूयॉर्कने हजारो चौकांत एक साधी गोष्ट केली आहे: पायी चालणाऱ्यांना गाड्यांच्या आधी काही सेकंद हिरवा द्यायचा. तेवढ्यात माणसे रस्त्याच्या मध्याजवळ पोहोचतात आणि वळणाऱ्याला ती आपल्या पुढ्यात स्पष्ट दिसतात. यासाठी खोदकाम नको, भिंत नको, नवा खांब नको. सिग्नलच्या पेटीतला क्रम बदलायचा.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण वेगाबद्दल आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात एक चुकीचे चित्र आहे. ताशी ३० आणि ताशी ५० यांत फार अंतर आहे असे गाडीत बसल्यावर वाटत नाही. हिशेब करून बघा. ताशी ५० वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबेपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात १४ मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर, ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आणखी सुमारे १४. एकूण २८ मीटर. ताशी ३० वेगाने तोच सेकंद ८ मीटरांचा होतो आणि ब्रेकचे अंतर ५ मीटर. एकूण १३.

आता उभ्या गाडीच्या आडून एक मूल चेंडूमागे धावत आले, तुमच्यापासून १४ मीटरवर. ३०ची गाडी त्याच्यापाशी पोहोचण्याआधी थांबलेली असते. ५०ची गाडी त्याच्यापाशी पोहोचते तेव्हा चालकाचा पाय जेमतेम ब्रेकवर पडलेला असतो. म्हणजे ती जवळजवळ पूर्ण वेगाने त्याला धडकते, आणि त्या धडकेतली ऊर्जा ३०च्या धडकेपेक्षा पावणेतीन पट असते. चालक तोच, मूल तेच, चूकही तीच. हे गणित समजल्यापासून मी वस्तीतल्या रस्त्यावर ३०च्या वर गेलेले नाही. दोन किलोमीटरच्या वस्तीत, वाटेत एकदाही थांबावे लागले नाही तरी, ५०ने जाऊन वाचतात ९६ सेकंद. वाटेत थांबावे लागतेच.

स्टॉकहोमला फेब्रुवारी २०२०मध्ये रस्तासुरक्षेवर झालेल्या जागतिक मंत्रिपरिषदेच्या जाहीरनाम्यात हेच म्हटले आहे: जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी वारंवार एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी ३० असावा. स्पेनने मे २०२१पासून शहरांतील, प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ही मर्यादा देशभर लागू केली. आमच्या चौकात येऊन मिळणाऱ्या शाळेच्या रस्त्यावर मात्र वेगाची पाटीच नाही. एक होती. ती जाहिरातीच्या फलकामागे गेली आहे.

फुटपाथबद्दल थोडक्यात. चौकाच्या उत्तरेकडचा फुटपाथ दुचाक्यांच्या पार्किंगने भरलेला असतो, म्हणून लोक रस्त्यावरून चालतात, आणि रस्त्यावरून चालतात म्हणून त्यांना हॉर्न ऐकावे लागतात. झेब्राचे पट्टे पुसट झाले आहेत. रात्री त्यावर उजेड पडत नाही, कारण जवळचा पथदिवा झाडाच्या फांदीत आहे. फांदी छाटायला किती बैठका लागतात?

पादचारी पुलाचे मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. मी विभागाकडे तोंडी तक्रार केली तेव्हा मला सांगण्यात आले की दीडशे मीटरवर पूल आहे, आईंनी त्यावरून जावे. गाड्या खालून जायच्या म्हणजे पुलावरची वाट जमिनीपासून साधारण सहा मीटर उंच; पंधरा सेंटीमीटरची एक पायरी धरली तर ४० पायऱ्या वर आणि ४० खाली. शिवाय जाऊन-येऊन तीनशे मीटर जास्त. ज्या बाईला १२ सेकंदांत सपाट रस्ता ओलांडता येत नाही, तिला ८० पायऱ्यांचा पर्याय सुचवताना सांगणाऱ्याचा आवाज जराही अडखळला नाही, हे मला आईच्या मोडलेल्या हाडाइतकेच लागले. सहा मीटर चढायचे ते इंजिन असलेल्याने की गुडघा बदललेल्याने?

आता दंडाविषयी. झेब्रा सोडून रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांकडून दंड वसूल करण्याची मोहीम येत्या महिन्यापासून सुरू होणार, असे त्याच सूचनेत आहे. पायी चालणाऱ्यांना शिस्त नकोच, असे माझे म्हणणे नाही. फोनवर बोलत, मान खाली घालून रस्त्यात उतरणारे मी रोज पाहते. दोन उभ्या बसच्या फटीतून एकदम बाहेर येणारा माणूस चालकाला दिसूच शकत नाही. गाडी चालवताना अशा एका क्षणी माझे हातपाय गार पडले होते. पण दंड लावण्याआधी पट्टे रंगवलेले असावेत, वेळ पुरेशी असावी आणि दोन झेब्रांमधले अंतर चालण्याजोगे असावे. यातले एकही आज नाही.

पादचाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याला इतिहास आहे, तोही पाहावा. मोटारी येण्यापूर्वी रस्ता सगळ्यांचाच होता. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारींखाली माणसे, त्यातही मुले, मोठ्या संख्येने मरू लागली आणि लोक संतापले, तेव्हा मोटार उद्योगाने आणि मोटारमालकांच्या संघटनांनी दोष चालणाऱ्यांकडे वळवण्याची मोहीम चालवली. मनाला येईल तिथे रस्ता ओलांडणाऱ्याला ‘गावंढळ’ अशा अर्थाचे हिणकस नाव रूढ झाले, आणि १९२५ साली लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांना ठरावीक जागीच रस्ता ओलांडायला लावणारा कडक नियम केला, ज्याचे अनुकरण इतर शहरांनी केले. त्याच कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२३पासून कायदा बदलला: धडक होण्याचा तातडीचा धोका नसेल तर केवळ झेब्रा सोडून रस्ता ओलांडला म्हणून पोलीस पादचाऱ्याला थांबवू शकत नाहीत. जिथून ही वाट सुरू झाली तिथले लोक मागे फिरले. आपण आता तिच्यावर पहिले पाऊल टाकतो आहोत.

माझ्या सहचालकांनो, आता तुमच्याशी बोलते.

त्या मुलाचे वाक्य मला अजून ऐकू येते: सिग्नल माझा होता. आपल्याला शिकवले गेले ते एवढेच की लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा. पण १९६८ साली व्हिएन्ना येथे झालेल्या रस्ते वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यावर अनेक देशांचे वाहतूक नियम बेतलेले आहेत, स्पष्ट लिहिले आहे की चालकाला पुढे जाण्याची मुभा मिळाली तरी जो पादचारी आधीच नियमाने झेब्रावर उतरून चालतो आहे त्याची वाट त्याने अडवू नये. त्या मुलाला हे कोणी सांगितलेच नव्हते. परवाना देताना विचारले असते, तर कदाचित त्या सकाळी तो आणखी पाच सेकंद थांबला असता.

झेब्राशी एखादी गाडी थांबलेली दिसली तर तिला ओलांडून पुढे जाऊ नका. ती उगाच थांबलेली नसते. तिच्या पलीकडे कोणीतरी असते, जे तुम्हाला दिसत नाही आणि ज्याला तुम्ही दिसत नाही. स्टॉप लाइनच्या मागे थांबा. पट्ट्यांवर गाडी उभी केली की चालणाऱ्याला वळसा घालून चालत्या गाड्यांच्या बाजूला जावे लागते. आणि झेब्रावरच्या माणसाला हॉर्न देऊ नका. म्हातारे माणूस हॉर्न ऐकून वेगाने चालत नाही, ते दचकून जागच्या जागी थांबते. आईने मला सांगितले की आरसा अडकण्याच्या क्षणी ती थांबलेली होती.

ब्रिटनने जानेवारी २०२२मध्ये आपल्या वाहतूक नियमपुस्तिकेत रस्ता वापरणाऱ्यांची क्रमवारीच लिहून टाकली: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर इतरांना जपण्याची जबाबदारी जास्त. ट्रकवाल्याने मोटारीला जपायचे, मोटारीने दुचाकीला, सायकलला आणि सगळ्यांनी पायी चालणाऱ्याला. त्याच बदलात हेही आले की आडव्या रस्त्यात वळताना तो रस्ता ओलांडण्यासाठी कडेला नुसता थांबलेला माणूस दिसला तरी त्याला वाट द्यावी. चालणाऱ्याने डोळे मिटून चालावे असा याचा अर्थ कोणी काढत नाही. आपापली काळजी घेण्याचे कर्तव्य तिथेही सगळ्यांना आहेच. पण दीड टनाची मोटार आणि साठ किलोची बाई यांच्या चुका तराजूत सारख्या भरत नाहीत.

अधिकारी महोदय, हे सगळे जमते का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली धोरण म्हणून स्वीकारले की माणूस चुकणारच, त्या चुकीची किंमत जीव असू नये अशा तऱ्हेने रस्ता बांधायचा. त्या वाटेने गेलेल्या शहरांपैकी ऑस्लो आणि हेलसिंकी या दोन राजधान्यांत २०१९ या संपूर्ण वर्षात एकही पादचारी रस्त्यावर मेला नाही. तिथली माणसे आपल्यापेक्षा सावध जन्मत नाहीत. तिथे वेग कमी केला गेला, वळणे अरुंद केली गेली, चालणाऱ्याला आधी वाट दिली गेली. जगभरात दरवर्षी रस्त्यांवर सुमारे १२ लाख माणसे मरतात आणि त्यांतल्या पाचव्या हिश्शाहून अधिक पायी चालणारी असतात.

माझ्या मागण्या अशा आहेत. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा या आठवड्यात पुन्हा २२ सेकंदांवर आणावा. यासाठी कोणत्याही निविदेची गरज नाही. त्यानंतर शहरातील प्रत्येक सिग्नलपाशी रस्त्याची रुंदी मोजून, सेकंदाला ०.८ मीटर वेग धरून नवी वेळ ठरवावी, आणि ती रुंदी व वेळ खांबावर लिहावी, म्हणजे कोणालाही पडताळता येईल. शाळा, दवाखाने आणि बाजार असलेल्या चौकांत पायी चालणाऱ्यांना गाड्यांच्या आधी पाच सेकंद हिरवा द्यावा. वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३०ची मर्यादा लावावी आणि नुसत्या पाटीवर न थांबता झेब्रा उंचावून, वळणे अरुंद करून ती पाळली जाईल असे बघावे. फुटपाथवरचे पार्किंग हटवावे. हे होईपर्यंत पादचाऱ्यांवरील दंडाची मोहीम स्थगित ठेवावी. आणि यापुढे कोणत्याही सिग्नलमधून चालणाऱ्यांचा वेळ कापण्यापूर्वी तसा प्रस्ताव तीस दिवस आधी त्या चौकात लावावा, कोणत्या मोजणीवरून तो आला हे सांगावे, आणि त्यावर सही करणाऱ्याचे पद खाली लिहावे.

गेल्या पाच आठवड्यांत मी रोज सकाळी अर्धा तास त्या चौकात उभी राहून नोंदी ठेवल्या आहेत: किती माणसे हिरव्यावर निघाली, किती लाल दिव्यात रस्त्यावर अडकली, त्यांत हातात मूल किंवा काठी किती जणांच्या. त्या वहीच्या प्रती या पत्राच्या लेखी प्रतीसोबत तुमच्या कार्यालयात दिल्या आहेत. तारीख आणि वेळ प्रत्येक पानावर आहे. चौकातल्या तुमच्या कॅमेऱ्याशी त्या ताडून पाहाव्यात. चुकले असेल तिथे दाखवावे, मी दुरुस्त करीन.

आईचे प्लास्टर गेल्या सोमवारी निघाले. ती पुन्हा चालायला जाते, पण चौकाच्या अलीकडूनच परत फिरते. पलीकडे तिची मैत्रीण राहते. दोन महिने त्या दोघी फोनवर बोलतात.

आपली,
त्याच चौकातून रोज चालत आणि गाडीने जाणारी एक नागरिक